माइंडवेलचं माहेर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पश्चिम मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांतल्या लोकांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. इथे पेन्शन सुरू झाली की माणसं एक तर बोट घेतात, नाही तर पूर्वज शोधायला लागतात. त्यातली बोटवाली निदान हिवाळ्यात तरी गप्प बसतात.

मार्शा पेल्टनला पूर्वज शोधावे लागले नाहीत, ते तिला वारशात मिळाले. तिची आई युनिस हिने आख्खं आयुष्य आईच्या बाजूच्या बायकांचा माग काढण्यात घालवलं होतं. पुरुषांची कुळं सोपी असतात, बापाचं नाव मुलाला आणि मुलाचं नातवाला. बायकांचं आडनाव मात्र लग्नाच्या दिवशी गळून पडतं, आणि मागे जायचं तर दर पिढीला नवं दार ठोठावावं लागतं. युनिस अशी दारं ठोठावत आईची आई, तिची आई, तिचीही आई असं करत माइंडवेलपाशी पोचली, आणि तिथे जी अडकली ती मरेपर्यंत.

माइंडवेल म्हणजे 'नीट ध्यानात ठेव'. त्या काळी मुलींची नावं अशीच ठेवत, उपदेश केल्यासारखी. हार्लो गावाच्या जुन्या दफनभूमीत तिचा दगड आहे. वर पंख फुटलेला एक गोल चेहरा आणि खाली दोन ओळी : माइंडवेल, असाहेल कूम्ब्जची बायको, वारली १७६८. कोणाची बायको ते कोरलं, कोणाची मुलगी ते कोरायचं कोणाला सुचलं नाही. असाहेल पलटणीतून सुटून डोंगरात आला, झाडं तोडून जमीन केली, आणि पूर्वेकडे कुठेसा जाऊन बायको घेऊन आला. कुठे गेला होता, हे सांगणारे कागद गावच्या प्रार्थनाघराबरोबर केव्हाच जळून गेले होते.

युनिसने कुळाचा तक्ता स्वतः काढला होता. उघडलेल्या पंख्यासारखा, भिंतभर. तिचा नियम कडक होता. दोन वेगवेगळे पुरावे मिळेपर्यंत पेन्सिल, मगच शाई. माइंडवेलच्या वरच्या घरात शाई नव्हती आणि पेन्सिलही नव्हती. तिचं माहेर कोरं होतं.

मार्शाचं लहानपण त्या कोऱ्या घरापायी गेलं. बाकीच्या मुली उन्हाळ्यात तळ्यावर पोहायला जायच्या, आणि ही आईबरोबर बादली आणि मऊ ब्रश घेऊन कबरींवरचं शेवाळ घासायची. मग दोघी दगडी कुंपणावर बसून अंड्याचं सँडविच खायच्या, आणि आई खाता खाता म्हणायची, "कुठली असेल गं ही?" मार्शाला आशा वाटायची की पुढचा प्रश्न आपल्याबद्दल असेल. शाळेत काय चाललंय, मैत्रीण का रुसली, काहीही. पण पुढचा प्रश्न असाहेलबद्दल असायचा. मेलेल्या बाईचा हेवा करू नये हे मार्शाला कळत होतं, तरी माइंडवेलचा तिला हेवा वाटायचा. आईच्या मनात एवढी जागा असायला माणसाला आधी मरावं लागतं की काय, असं तिला त्या वयात खरंच वाटायचं.

माइंडवेलने मागे दोनच गोष्टी ठेवल्या होत्या. एक तो दगड आणि दुसरं सफरचंदाचं झाड. ते हार्लोच्या जुन्या शेतघरामागे होतं, जिथे युनिसची धाकटी बहीण विनी एकटी राहायची. फळ दिसायला अगदी कुरूप. बटाट्यासारखी खरखरीत तपकिरी साल, एका बाजूला कललेला आकार आणि देठापासून खाली शिवण घातल्यासारखी उभी रेघ. नाव नव्हतं, घरात त्याला 'माइंडवेलचं' म्हणत. नवरीने येताना एप्रनच्या खिशातून बी आणलं आणि दारात पेरलं, अशी घरची गोष्ट होती. मार्शा शहरात वाढली. हिवाळा सरत आला की विनीमावशी त्या फळांची टोपली घेऊन यायची, आणि मग घरात कोणी दुसरं सफरचंद तोंडात धरत नसे. पेरू, जायफळ आणि भाजलेला बदाम एकत्र केल्यासारखी काहीशी ती चव होती, पण असं सांगून ती सांगता येत नाही. एप्रिलमध्ये टोपलीतलं शेवटचं, अगदी सुरकुतलेलं फळ मार्शाच्या शाळेच्या डब्यात यायचं. मैत्रिणी हसायच्या. उरलंसुरलं आपल्या वाट्याला, असं म्हणून ती ते मान खाली घालून खायची.

आई गेली त्याच हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं आणि ते पोखरलेलं झाड बुंध्यापासून मोडलं. "पुढच्या वसंतात कलम करू" असं दोघी बहिणी कितीतरी वसंत म्हणत आल्या होत्या. पुढे शेत विकलं गेलं आणि विनीमावशी वृद्धाश्रमात गेली. आता ती चव ओळखणाऱ्या जिभा जगात दोनच उरल्या होत्या, त्यातली एक शहाण्णव वर्षांची होती.

म्हणून मार्शाला घाई होती. संगीतशिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने आईचा तक्ता आपल्या जेवणघरात लावला होता, आणि रोज सकाळी कॉफी पिताना तिची नजर त्या कोऱ्या घरावर जायची. ते भरलं तर आई मान वळवून आपल्याकडे बघेल, असलं काहीतरी वेडं तिच्या मनात होतं. त्र्याहत्तराव्या वर्षी असलं कोणाला सांगायची सोय नसते.

ऑक्टोबरमध्ये ती किनाऱ्याकडे निघाली. असाहेलच्या पलटणीचा कप्तान ईस्ट कोव्ह गावचा होता, एवढाच धागा हाती होता. तिथल्या दफनभूमीत तिने दिवसभर दगड वाचले आणि माइंडवेल काही सापडली नाही. परतीच्या वाटेवर एका शेताच्या फाटकाशी विकायला मांडलेली फळं दिसली. लाल, पिवळी, चकचकीत. आणि टेबलाखाली एका पोत्यात तपकिरी, कललेली, शिवणीची.

मार्शाने गाडी एवढ्या जोरात थांबवली की मागच्याने शिव्या घातल्या.

शेताची मालकीण रबरी बूट घालून आली. साठीची, उंच, चेहऱ्यावर 'काय हवंय' असं लिहिलेलं. नाव रूथ-ॲन हॅस्किन्स.

"ती नाही विकायला," ती म्हणाली. "डुकरांची आहेत."

"ही कुठून आली तुमच्याकडे?"

"आली कुठून म्हणजे? इथलीच आहेत. आमच्या घराण्याचं झाड आहे. दुसरीकडे कुठे नाही हे. कॉलेजातली माणसं येऊन बघून गेली."

"आमच्याकडे होतं," मार्शा म्हणाली. "पलीकडे डोंगरात, हार्लोला. माझ्या खापरखापरपणजीने बी पेरलं होतं."

रूथ-ॲनने तिच्याकडे असं बघितलं, जसं कोणी दूध बाटलीत उगवतं म्हणणाऱ्याकडे बघेल.

"अहो बाई, बी पेरून सफरचंद तसंच येतं का कधी? शंभर बिया पेरा, शंभर तऱ्हेची आंबट फळं येतील. तेच फळ हवं तर त्याच झाडाची काडी न्यावी लागते. कलम. तुमच्याकडे हेच झाड असेल, तर कोणीतरी या फाटकातून काडी घेऊन गेलं असणार."

हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं. मार्शालाही ठाऊक होतं. पण घरातल्या गोष्टीची उलटतपासणी कोणी करत नाही. बी पेरलं म्हटलं की झाड जगात एकुलतं एक, मग दुसरं शोधायचं कशाला? आईने चार जिल्ह्यांतले कागद उपसले, पण परसातल्या झाडाला कधी विचारलं नाही की तू कोणाचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेऊन घोड्यावर बसलेली नवरी मार्शाला पहिल्यांदा स्पष्ट दिसली. दूर जायचं आणि परत येणं नाही, तेव्हा तिने माहेरची ही एवढीच वस्तू मागून घेतली असेल.

तिने पोत्यातलं एक फळ उचललं, कोटाला पुसलं आणि चावलं.

कडू, तुरट, लाकडासारखं. तोंडाचा चंबू झाला. पेरू नाही, जायफळ नाही, काही नाही.

"म्हटलं ना, डुकरांची आहेत," रूथ-ॲन म्हणाली. मग तिचा पडलेला चेहरा बघून जरा नरमली. "अशी खरखरीत सालीची सफरचंदं पुष्कळ असतात. दिसतात सगळी सारखीच. न्या हवी तेवढी, नाही म्हणत नाही."

मार्शाने तिच्या समाधानासाठी एक पिशवी भरून घेतली. फोन नंबरांची देवाणघेवाण झाली. घरी येईपर्यंत ती गाडीत मोठ्याने रडली. एकटं गाडी चालवण्याचा हा एक फायदा असतो.

दुसऱ्या दिवशी ती विनीमावशीकडे गेली आणि सवयीने एक फळ बरोबर नेलं. मावशीचं डोकं कधी लख्ख, कधी धुकं. त्या दिवशी जीभ तरी लख्ख होती.

"आलीस? वाटलं, तूही मेलीस की काय."

"नाही मेले. हे बघ काय आणलंय."

मावशीला दिसत कमी होतं. तिने फळ हातात घेतलं, आणि अंगठा आपोआप देठापाशी जाऊन त्या शिवणीवरून हळूहळू खाली उतरला. एकदा. पुन्हा एकदा. मग ती एकदम चिडली.

"हे कोणी काढलं?"

"काय झालं, मावशी?"

"ऑक्टोबरात? अक्कल आहे का? फेब्रुवारीतला कँडलमासचा सण व्हायच्या आत हे कोणी खातं का? डुक्करसुद्धा नाक मुरडेल! निम्मं सरपण, निम्मं गवत आणि ही सगळीच्या सगळी, कँडलमासला शिल्लक असायलाच हवीत. आई म्हणायची. तुझ्या आईने तुला काही शिकवलं की नाही?"

आयुष्यात मार्शाने हे फळ शरद ऋतूत कधी खाल्लंच नव्हतं. ते तिला भेटायचं फक्त टोपलीतून, हिवाळा सरताना.

"मावशी, म्हणजे हे तेच?"

"खाल्ल्याशिवाय कसं सांगू? तोंड काय अंगठ्याला असतं? तळघरात ठेव. कोरडी पानं घाल. एकमेकींना लागू देऊ नकोस, एक सडली की शेजारणीला घेऊन जाते. आणि उंदीर!" तिने फळ परत दिलं. "फेब्रुवारीत आण. मग सांगते."

शहाण्णव वर्षांची बाई फेब्रुवारीचा वायदा करत होती. मार्शा हसली, आणि जिना उतरताना मनात महिने मोजू लागली.

तो हिवाळा तिने तळघराच्या पायऱ्यांवर काढला म्हटलं तरी चालेल. ओकची पानं, लाकडी खोकं, वर जाळी. रोज सकाळी खाली जाऊन ती फळं एकेक करून हातात घ्यायची, हुंगायची, आणि मऊ पडलेलं बाहेर काढायची. नोव्हेंबरात रूथ-ॲनचा फोन आला.

"तुमच्या त्या आजीचं नाव काय म्हणालात?"

"माइंडवेल."

"हं. माझ्या आजोबांच्या आत्याचं नाव माइंडवेल होतं. तिच्याही आधी एक होती म्हणतात. आम्हाला वाटायचं, आमच्याच घरात असलं विचित्र नाव ठेवतात." मग म्हणाली, "बघा बाई, काही उपयोग झाला तर."

मार्शाने फोन ठेवला आणि कोऱ्या घरात पेन्सिलीने, अगदी पुसट, लिहिलं : हॅस्किन्स. नावं काय, कुठेही सापडतात. पण एक पुरावा म्हणायला हरकत नव्हती. दुसरा खाली पानांत पडून पिकत होता. शाईची बाटली तिने शेल्फवरच राहू दिली.

नाताळला तिला फार मोह झाला. एक कापावं, नुसतं जिभेला लावून बघावं. पण स्वतः आधी खाल्लं आणि मग मावशीला 'तेच आहे ना?' विचारलं, तर मावशी आपली लाडाने हो म्हणेल. आईला असली साक्ष चालली नसती. तिने हात मागे घेतला.

जानेवारीत मावशीला झटका आला. छोटाच, डॉक्टर म्हणाले. पण त्यानंतर ती बोलेना. डोळे उघडे, नजर खिडकीकडे, तोंडातून शब्द नाही. मार्शा रोज जायची, हात धरून बसायची आणि घरी आली की तळघरात उतरायची. एकीकडे माणूस संपत चाललं होतं आणि दुसरीकडे फळ पिकत नव्हतं. दोघांनी एकमेकांची वाट बघावी एवढीच तिची मागणी होती, आणि ती कोणाकडे करायची ते तिला कळत नव्हतं. उंदरांनी जाळी कुरतडली, सडीने शेजारणी नेल्या. कँडलमासच्या सकाळी खोक्यात दोन फळं उरली. सालीला सुरकुत्या पडल्या होत्या आणि तळघराला वास आला होता. मार्शा त्या वासात नुसती उभी राहिली. पण वासाची साक्ष ती धरणार नव्हती.

एक फळ पानांत परत ठेवून दुसरं घेऊन ती गेली.

मावशी उशांना टेकून बसवलेली होती. मार्शाने फळ मधोमध कापलं, आणि लहान बाळाला भरवतात तसा चमच्याने गर खरवडला. मावशीच्या ओठाला चमचा लावला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ओठ हलले, जीभ हलली. मावशीने डोळे मिटले.

मार्शाने दुसरा चमचा भरला. तोही गेला. तिसऱ्याला मावशीने स्वतः तोंड उघडलं, पिलासारखं. अर्धं फळ असंच संपलं, आणि मार्शा खरवडत राहिली. आता विचारायचं धाडस होत नव्हतं. उरलेलं अर्धं तिने हातात घेतलं, तेवढ्यात मावशीने डोळे उघडले आणि तिच्या मनगटावर हात ठेवला.

"युनिस," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण शब्द साफ. "पुरे. किती उरलीत?"

मार्शाने हातातलं अर्धं फळ खाली ठेवलं.

"शेवटचं काढू नकोस हं. शेवटचं मार्शाचं. दर वर्षी तूच मला दटावतेस ना? 'विनी, हात लावू नकोस, सगळ्यांत गोड तेच असतं, ते माझ्या पोरीचं.'" मावशीच्या ओठांच्या कोपऱ्यात जुनं, चोरटं हसू आलं. "मी कुठे खाते? मला आपलं माइंडवेलचं कुठलंही चालतं."

एप्रिल. शाळेचा डबा. सुरकुतलेलं फळ. उरलंसुरलं म्हणून खाल्लेलं. मार्शाला ते एकेक वर्ष आठवलं. आई काही बोलली नव्हती. ती बोलणाऱ्यांतली नव्हतीच.

"ठेवलंय," मार्शा म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत. "तिच्यासाठी एक ठेवलंय, विनी."

"मग ठीक," मावशी म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्या फळासाठी तोंड उघडलं.

संध्याकाळी घरी येऊन मार्शाने कोटही न काढता शाईची बाटली शेल्फवरून खाली घेतली. आईचं पेन शोधलं, निब पुसलं, खुर्ची भिंतीपाशी ओढली. पुसट पेन्सिलीतलं हॅस्किन्स तिच्यासमोर होतं. ती पेन घेऊन थोडा वेळ उभी राहिली, मग ते टेबलावर ठेवून तिने तळघराचं दार उघडलं. माइंडवेल अडीचशे वर्षं थांबली होती, अजून अर्धा तास थांबेल. आधी आईने ठेवलेलं सफरचंद खायचं होतं.